दीपमाला मॅडमचे थांबे

एकसष्टाव्या वर्षी मी कार शिकायले निघाली तेव्हा सगळ्यांनी मले वेड्यात काढलं. पोरगा बंगलोरहून म्हणे, "आई, गाडी विकून टाक नं, कायले डोक्याले ताप?" गाडी आमच्या ह्यांची. हे म्हणजे मनोहरराव, माझे मिस्टर. ते गेले अन् नागपुरात बेसाच्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमधी ती गाडी वर्षभर कव्हर घालून उभी राहिली. मंग काय, ज्याले त्याले ती पाहिजे. पुतण्याले पाहिजे, खालच्या मजल्यावरच्या आनंदरावाले पाहिजे. मी म्हटलं, थांबा जरा. जिंदगीभर टेलिफोन ऑफिसच्या खुर्चीवर बसली, आता सीटवर बसून पाहते. मले कोणी "तुले नाही जमत" म्हटलं की माझं डोकं सटकते, हा माझा जुना रोग आहे.

हुडकेश्वर रोडवर मारोतरावचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. म्हातारा सज्जन. म्हणे, "ताई, तुमच्यासाठी लेडीज मास्तर देतो." ती लेडीज मास्तर म्हणजे दीपमाला मॅडम. पस्तिशी ओलांडलेली, अंगानं बारीक, ओढणी कमरेले गच्च बांधलेली. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूनं पण ब्रेक अन् क्लच असते. मी गाडी एका भाजीवाल्याच्या ठेल्यावर घातली, तर तिनं गपकन ब्रेक दाबला अन् एवढंच म्हटलं, "पुन्हा, काकू." चिल्लावली नाही, हासली नाही. मी मनात म्हटलं, बापा, ही बाई आहे का बर्फाची लादी.

पण तिची एक गोष्ट मले खटकायले लागली. गाडी जराक रस्त्याले लागली की ती मले कुठंतरी थांबवे. कधी पेट्रोल पंपावर, कधी मोठ्या दवाखान्याच्या फाटकाजवळ, कधी एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागं. "इथं रिव्हर्स शिकू, काकू. तुम्ही गाडी बंद करून आरसे नीट पाहा, मी आलीच." अन् गायब. पुढं जाणं मले धड येत नव्हतं, पण रिव्हर्समधी मी पक्की झाली. मले वाटलं हिचं काही लफडं असन. नवऱ्याची चोरी करून फोन करत असन कोणाले. टेलिफोनमधी आयुष्य काढलेल्या बाईले दुसरं काय सुचणार.

एक दिवस मी बोलूनच दिलं. "मॅडम, आरसा माझ्या घरी आहे. तो पाहायले मी क्लास नाही लावला. तुम्ही जाता कुठं?"

ती दारातून वाकली, माझ्याकडं सरळ पाहिलं अन् म्हणे, "बाथरूमले, काकू."

"रोज?"

"रोज. दर थांब्याले."

मले राहवलं नाही, म्हटलं, शुगर तपासून घे वं. ती म्हणे, शुगर नाही. अन् गाडीत बसली, पट्टा लावला, पण तो पट्टा तिनं पोटावरून न घेता हातानं पुढं धरून ठेवला. तेव्हा मले दिसलं की ती रोजच तसा धरत होती.

त्या दिवसापासून मी रस्ता कमी अन् तिले जास्त पाहायले लागली. आमच्या रस्त्यांचं तर विचारूच नका. स्पीडब्रेकर आला की तिची बोटं पट्ट्यावर पांढरी होत. पाण्याची बाटली सोबत, पण पिणं कसं, चिमणी पिते तसं. डिसेंबर होता, घरी पेटीभर संत्री आली होती. मी तिच्यासाठी चांगली निवडून चार नेली. तिनं हात पण लावला नाही. माझं डोकं पुन्हा सटकलं. नागपुरात जन्मली अन् संत्र्याले नाही म्हणते. म्हटलं, माझ्या हातचं चालत नाही का तुले?

"तसं नाही, काकू," ती घाबरून म्हणे. "संत्रं खाल्लं की माझी आग होते. चहा नाही चालत, टमाटर नाही, तिखट नाही, लोणचं नाही. सावजीच्या झणझणीत रश्शाचा तर वास घेऊनच मी पोट भरते."

हे सांगताना ती पहिल्यांदा हासली. अन् माझ्या हातून नेमकं तेव्हाच गाडी एका खड्ड्यात आदळली. ती हासता हासता वाकली ती वाकलीच. डॅशबोर्डवर कपाळ टेकलं अन् दात आवळून बसली. मी गाडी बाजूले घेतली, कशी घेतली मले आठवत नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्याले मी खिडकीतून काय काय म्हटलं ते इथं लिहायसारखं नाही.

त्या गाडीत बसूनच तिनं मले सांगतलं. चार वर्षांपासून लघवीची पिशवी दुखते. भरत गेली की दुखते, रिकामी केली की घडीभर बरं, पुन्हा भरायले लागली की पुन्हा तेच. पहिले सगळे डॉक्टर इन्फेक्शन म्हणत, गोळ्या लिहून देत, ती खाये. रिपोर्ट मात्र दरवेळी साफ. एकानं तर म्हटलं, तुम्ही घरी एकट्या असता, मनाले लावून घेता. शेवटी एकानं दुर्बीण घालून पाहिलं अन् सांगतलं की पिशवीचं आतलं अस्तर हुळहुळं झालं आहे. जंतू नाही, खडा नाही. हे असंच राहीन, कधी कमी, कधी जास्त, सांभाळून राहाचं.

"जास्त होते तेव्हा कसं होते?" मी विचारलं.

"आतून कोणी पॉलिश पेपर घासून राहिलं असं. मंग मी बाथरूममधी पाट टाकून बसते. बाहेर येऊन फायदाच नसते. बादलीले टेकून तिथंच झोप लागते कधी कधी."

"अन् नवरा?"

नवरा विक्की. वाईट नाही पोट्टा, मी नंतर पाहिला. भद्रावतीकडं कोळशाच्या खाणीत मोठं मशीन चालवते, पंधरा दिवसांनी घरी येते. फोनवर विचारते, "दुखून राहिलं का?" ही म्हणते, "हो." मंग तिकडं पण शांत, इकडं पण शांत. पुढं काय बोलावं ते दोघांलेही कोणी शिकवलं नाही. तुटलेला हात गळ्यात बांधता येते, लोक दार उघडून देतात. हे दुखणं दाखवायचं कुठं अन् नाव घ्यायचं कोणासमोर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. लग्नाले नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. रामदासपेठेतल्या एका सेंटरमधी तिची टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट चालू होती. मागच्या वर्षी पोटात इंजेक्शनं घेऊन घेऊन तिचे दोन गर्भ तयार झाले. एक आत सोडला, तो राहिला नाही. दुसरा सेंटरमधी बर्फात जपून ठेवला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ना तिच्यात ताकद होती, ना दोघांची ऐपत. म्हणजे हा जो बर्फात होता तो शेवटचा. ती त्याले गर्भ पण नव्हती म्हणत. "माझा एक आहे तिथं," असं म्हणे.

त्याच्यासाठी पुन्हा गोळ्या अन् इंजेक्शनं सुरू झाली होती. अन् दर इंजेक्शनाले पिशवी पेटून उठे.

मी म्हटलं, "मंग डॉक्टरीणबाईले सांगतलं असन नं, तुले हे असं आहे?"

"नाही सांगतलं."

"काहून?"

"आई म्हणतात, एका डॉक्टरले दुसऱ्या डॉक्टरचं सांगाचं नाही. दोन डॉक्टर एक झाले की पेशंटचं काम लांबते." आई म्हणजे तिची सासू, पार्वतीबाई, कामठीले राहाची. "अन् मले पण भेव वाटते, काकू. त्या म्हणतीन, आधी हे बरं करून ये. अन् हे तर बरंच होत नाही. मंग माझा तो तिथंच बर्फात राहीन."

इकडच्या डॉक्टरले तिकडचं ठाऊक नाही, तिकडचीले इकडचं नाही, अन् मधात ही बाई दोन्हीकडच्या गोळ्या खाऊन राहिली. मले इतका राग आला की मी गाडी सुरू करताना चावी मोडतच होती. पण तिनं माझा हात धरला अन् वचन घेतलं, कोणाले सांगाचं नाही. मी दिलं. देऊन फसली.

मले लायसन्स मिळालं, आरटीओच्या साहेबासमोर रिव्हर्स अशी मारली की तो पण पाहत राहिला. क्लास संपला, पण दीपमाला येत राहिली. दुपारच्या दोन क्लासांच्या मधात बेल वाजवे अन् म्हणे, "काकू, तुमचं बाथरूम चांगलं आहे." दुसऱ्या बायकांले लोक म्हणतात, तुमच्या हातची भाजी चांगली आहे. माझ्या नशिबी हे आलं.

तेव्हा कळलं मले ती किती एकटी होती ते. लग्नाले जात नाही, कारण हॉलमधी एक बाथरूम अन् बाहेर लाईन. माहेरी जात नाही, कारण बस मधात थांबत नाही. दसऱ्याले दीक्षाभूमीवर तिच्या घरचे सगळे जातात, माय, भाऊ, भाचे. ही चार वर्षांपासून घरीच पंचशील म्हणून घेते, कारण त्या गर्दीत बाईनं बाथरूमले जायचं म्हटलं तर अर्धा दिवस जाते. लोक म्हणत, दीपमाला शिष्ट झाली, गाडी चालवते नं. ती कोणालेच खरं सांगत नव्हती. सांगतलं असतं तर पहिला सल्ला मिळाला असता, बार्लीचं पाणी पी.

सासू रोज संध्याकाळी फोन करे. ती बाई पण राक्षसीण नव्हती बरं. पॉवरलूमवर काम करणाऱ्या नवऱ्याच्या मागं तीन लेकरं वाढवलेली. हिच्यासाठी मेथीचे लाडू पाठवे. पण एक रेकॉर्ड तिनं लावून ठेवली होती. "ते आत सोडलं की पडून राहाचं. उठाचं नाही. काही झालं तरी उठाचं नाही, समजलं?" दीपमाला म्हणे, "हो आई." मी सोफ्यावर बसून ऐकत राहो. तिचं तोंड उतरलेलं मले दिसे, पण काहून ते तेव्हा समजलं नाही.

फेब्रुवारीत तो दिवस आला. विक्की येणार होता. सकाळी ही माझ्याकडंच होती तेव्हा त्याचा फोन आला, बदलीवाला माणूस आला नाही, निघता येत नाही. ही म्हणे, ठीक आहे, ऑटो करते. मी म्हटलं, त्या ऑटोत बसून त्या रस्त्यानं? खाली चल. माझी गाडी कायले आहे?

सेंटरवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, घरून पाणी पिऊन या, पिशवी पूर्ण भरलेली पाहिजे, म्हणजे सोनोग्राफीत नीट दिसते. दुनियेतल्या दुसऱ्या बाईसाठी ही साधी गोष्ट आहे. हिच्यासाठी म्हणजे स्वतःच्या हातानं चुलीत हात घालणं. ती पाणी पिऊन माझ्या बाजूले बसली. माझ्या गाडीत तिच्या पायाशी ब्रेक नव्हता. बेसापासून रामदासपेठेपर्यंत ती हळू आवाजात सांगत राहिली, "सेकंड टाका काकू. ब्रेकर आहे. आता हळू सोडा." आवाज असा, जसं माझंच काही दुखत आहे. एकाही थांब्याले ती थांबली नाही. आम्ही तिच्या पेट्रोल पंपासमोरून गेलो तेव्हा तिनं मान दुसरीकडं केली.

सेंटरमधी पोहोचलो तर डॉक्टरीणबाई दुसऱ्या ऑपरेशनमधी अडकलेल्या. तिथं बाकड्यावर ओळीनं बसलेल्या सगळ्या बाया पाणी पिऊन आलेल्या, सगळ्या मांडीवर मांडी टाकून. एरवी मी हासली असती. दीपमाला भिंतीकडं तोंड करून बसली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. माझं मनगट तिनं असं धरलं की दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं.

गोपिका नावाची सिस्टर फिरत होती, प्रत्येकीले म्हणे, "होल्ड करा ताई, होल्ड करा."

"जाऊन ये नं," मी तिच्या कानात म्हटलं.

"गेली तर रिकामी होईन. मंग आज करणार नाही. त्यांनी त्याले बर्फातून बाहेर काढलं आहे, काकू. पुन्हा ठेवता येत नसन तर?"

वेळ जात राहिला. ती हुं का चूं करत नव्हती, पण तिच्या डोळ्यांतून पाणी चालू झालं होतं अन् तिले ते कळत पण नव्हतं. मले काही सहन झालं नाही. वचन गेलं चुलीत, म्हणून मी उठली, आता मी त्या काउंटरवर जाऊन सगळ्या सेंटरले ऐकवणार होती. तिनं माझा पदर धरला.

"तुम्ही नाही," ती म्हणे. "मी सांगते."

भिंत धरत धरत ती गेली. मी मागं उभी. ती सिस्टरले म्हणे, "मले लघवीच्या पिशवीचा आजार आहे. चार वर्षांपासून. मी तुमच्यापासून लपवला. मले थांबवणं होत नाही."

सिस्टर तशीच आत गेली अन् लगेच आली. "मॅडम म्हणतात, थोडी मोकळी होऊन या. पूर्ण नाही झाली तरी चालते, आम्ही पाहून घेऊ. ताई, हे आधी काहून नाही सांगतलं? तुम्हाले पाणी कमीच प्यायले लावलं असतं."

एवढंच. चार वर्षांचं भेव अन् दोन वाक्यांत संपलं. मले हासावं का रडावं कळेना. 

मंग तिले आत घेतलं. फार वेळ लागला नाही. सगळं नीट झालं म्हणून सिस्टर सांगून गेली. थोड्या वेळानं तीच सिस्टर पुन्हा बाहेर आली अन् मले म्हणे, "काकू, आत या जरा. तुमची पेशंट ऐकून नाही राहिली."

दीपमाला पलंगावर सरळ पडली होती, दोन्ही मुठी आवळलेल्या. सिस्टर म्हणत होती बाथरूमले जा, डॉक्टरीणबाई म्हणत होत्या जा, अन् ही मान हलवत होती. नाही. आधी थांबवत नव्हतं म्हणून रडली, आता जा म्हणतात तर जात नाही. मी म्हटलं, "दीपमाला, उठ वं बाई, जीव जाईन तुझा."

"मी नाही उठत."

"काहून पण?"

तिनं छताकडं पाहत सांगतलं. मागच्या वर्षी पहिला सोडला तेव्हा पण असंच दुखत होतं. थोडा वेळ पडली, मंग राहवलंच नाही. उठली, बाथरूमले गेली. नंतर रिपोर्ट आला, राहिलं नाही. सासूनं फोनवर विचारलं, उठली होतीस का? हिनं खरं सांगतलं, हो. सासू म्हणे, मंग झालं.

"मी मुतली अन् ते गेलं, काकू," ती म्हणे. "वर्षभर मी दर वेळी बाथरूममधी बसली की मले तेच दिसते. दिवसातून इतक्या वेळा मले तिथं जावं लागते अन् दर वेळी तेच."

त्या पाटावर, त्या बादलीले टेकून ही बाई वर्षभर काय घेऊन बसत होती ते मले आता समजलं.

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. वयानं लहानच होत्या. म्हणे, "दोन ओले पापड एकावर एक ठेवले अन् मधात एक तीळ ठेवला. पापड उभे केले तर तीळ पडते का?"

दीपमालानं नाही म्हणून मान हलवली. 

"गर्भाची पिशवी तशी असते, अन् आत सोडलं ते त्या तिळासारखं. लघवीची पिशवी वेगळी, तिचा रस्ता वेगळा. तुम्ही उठा, चाला, शिंका, दहा वेळा बाथरूमले जा, ते पडत नाही. पडूच शकत नाही."

"मंग मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी ते रुजलं नाही. काहून, ते पुष्कळदा आम्हाले पण कळत नाही. पण तुमच्या उठण्यानं नाही, दीपमाला. हे मी लिहून देते तुम्हाले."

ती हळूच उठून बसली. पाय खाली सोडले, चप्पल सापडेना तर तशीच गेली. बाथरूमचं दार लागलं, नळ सुरू झाला, अन् नळाच्या आवाजात ती जी रडली ती आम्हा तिघींलेही ऐकू आली. सिस्टर दुसरीकडं पाहून चादर नीट करत राहिली.

पुढचे दिवस मी तिले माझ्याकडंच ठेवलं. डॉक्टरीणबाईनं पिशवीच्या डॉक्टरशी फोनवर बोलून दोन औषधं बदलली, दुखणं थोडं उतरलं. ती वरणभात खाये, गरम पिशवी घेऊन पडे, अन् कधी नव्हे ते बोले. पोट्टी झाली तर तिले गाडी शिकवीन म्हणे. मी म्हटलं, पहिले रिव्हर्स शिकव.

रिपोर्ट आला. राहिलं नव्हतं.

हे असं एका ओळीत लिहायले मले आवडत नाही, पण ते आलंच तसं, फोनवर, एका ओळीत. विक्की सुटी काढून आला. दोघं माझ्या हॉलमधी सोफ्याच्या दोन टोकांले बसले. मंग तो तिच्याजवळ सरकला, तिच्या हातावर हात ठेवून राहिला अन् काही बोलला नाही, अन् या वेळी मले वाटलं की बोलला नाही तेच बरं. दुसऱ्या दिवशी त्याले जावं लागलं. ती गॅलरीत उभी राहून त्याची मोटरसायकल दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. तिच्या हातात आता काहीच नव्हतं. बर्फात पण काही नव्हतं.

संध्याकाळी पार्वतीबाईचा फोन आला. दीपमाला पोळ्या लाटून राहिली होती, हाताले पीठ, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला. तिकडून पहिले नुसता श्वास ऐकू आला. मंग तोच प्रश्न.

"उठली व्हतीस का वं?"

मी लाटणं हिसकून तिच्या हातून घेणार होती, फोनले मारायले. पण दीपमाला शांत होती.

"हो आई. उठली. लगेच उठली. चपला न घालता बाथरूमले गेली." तिनं पीठ झटकलं. "अन् त्याच्यानं नाही गेलं. मागच्या वेळी पण त्याच्यानं नाही गेलं. डॉक्टरीणबाईनं मले समजावून सांगतलं. उठल्यानं कोणाचंच जात नाही, आई. ते माझ्या हातात नव्हतं."

मले वाटलं म्हातारीनं फोन ठेवला. मी स्क्रीनवर पाहिलं, चालू होता.

मंग पार्वतीबाई बोलल्या. आवाज एवढासा झालेला.

"डॉक्टरीणबाईनं असं म्हटलं?"

"हो."

"मंग इहिरीवरून पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर आणल्यानं बी नाही जात?"

दीपमालाले कळलं नाही. "कोणाचं, आई?"

"विक्कीच्या आंधी एक व्हतं माह्यं. चौथा महिना. पाणी भराले गेली अन् गेलं. माही सासू म्हणे, तूनंच मारलं. मी कोणाले नाही सांगतलं वं, विक्कीच्या बापाले बी नाही." थोडं थांबून ती म्हणे, "चाळीस वरसं झाली."

दीपमाला ओट्याले टेकली. तव्यावरची पोळी जळून राहिली होती, ती पण पाहत नव्हती अन् मी पण.

"नाही, आई," ती म्हणे. "पाण्याच्या गुंडानं नाही गेलं."

"पक्कं नं?"

"पक्कं."

तिकडं पार्वतीबाई रडायले लागल्या. म्हातारं माणूस रडते तसं, आवाज न करता, मधात मधात श्वास घेऊन. दीपमालानं पिठाच्या हातानंच फोन उचलला, कानाले लावला अन् खाली फरशीवर बसली.

"रडा, आई," ती म्हणे. "मी आहे फोनवर. मले कुठं जायचं नाही."